पिस्तूल पारखायचा दिवस

पहाटे ४.३०

आज एका विद्यार्थिनीसाठी .२२ चं पिस्तूल बघायला नागपूरला जायचंय. सामान काल रात्रीच भरलं होतं, तरी निघण्याआधी पेटी पुन्हा उघडून बघते. तुलनेसाठी माझं जुनं वॉल्थर जीएसपी सोबत घेतलंय. मॅगझिन बाहेर, चेंबरमध्ये केशरी सेफ्टी फ्लॅग, पेटीला कुलूप. काडतुसं वेगळ्या डब्यात, त्यालाही कुलूप. लायसन्सची मूळ प्रत पर्समध्ये. दुसऱ्या पिशवीत एक किलोचं वजन, छोटी टॉर्च, भिंग, पितळी ब्रश, स्नॅप कॅप म्हणजे नकली काडतुसं, लाल नेलपॉलिशची बाटली आणि वही.

राजुऱ्यात पिस्तूल हा शब्द काढला की लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते पोलीस, नक्षलवादी किंवा वाघ. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पलीकडच्या गडचिरोलीत जंगलातल्या गावांनी कित्येक वर्षं बंदुकीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. राजुरा-विरूर भागात माणसं मारणारा आरटी-१ वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जेरबंद झाला, तोवर लोक संध्याकाळी शेतावर थांबत नव्हते. आताही मोह वेचायला निघालेल्या बाया घोळक्यानेच जातात. अशा मुलखात कागदाच्या टार्गेटवर नेम धरण्यासाठी एखाद्या मुलीला पिस्तूल हवंय हे पटवून द्यावं लागतं. मी ते आनंदाने पटवून देते, कारण या खेळाने आमच्या मुलामुलींना काय दिलंय ते मी रोज बघते.

पहाटे ५.१५

विद्यार्थिनी आणि तिचे बाबा चौकात उभे आहेत. बाबा सास्तीच्या कोळसा खाणीत डंपर चालवतात, आज रजा टाकून आलेत. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी मनातलं बोलून टाकलं.

"मॅडम, खरं सांगा जी, एवढ्या पैशात चांगली मोटारसायकल येते. हवेचं पिस्तूल होतंच ना हिच्याजवळ, आता हे काहून पाह्यजे?"

पोरगी मागून म्हणाली, "बाबा, ते दहा मीटरचं आहे. हे पंचवीसचं."

"पंचवीस काय अन् दहा काय, कागदच फोडायचा आहे ना?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट दिलं. आमच्या हॉलमध्ये ती शिकली ते एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, ढकलणारी दाबलेली हवा. २० ज्यूलच्या आतल्या अशा शस्त्राला लायसन्स लागत नाही, म्हणून तर राजुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात वर्ग चालू शकतो. .२२ मध्ये काडतूस आलं, दारू आली, आवाज आला, हाताला बसणारा झटका आला. आणि पिस्तूल स्वतः रिकामं कवच बाहेर फेकून पुढचं काडतूस आत घेतं. एअर पिस्तूल एका वेळी एक छर्रा मागतं आणि तुमची वाट बघतं. .२२ च्या रॅपिड फेरीत टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं, असं पाच वेळा. त्या तीन सेकंदांत पिस्तूल अडकलं तर वर्षभराचा सराव त्याला सोडवायला येत नाही.

बाबा थोडं थांबून म्हणाले, "म्हंजे मशीन बंद पडली नाही पाह्यजे."

मी म्हटलं, बस, आज तेवढंच बघायला चाललोय.

सकाळी ६.३०

वर्धेचा पूल, बामणी, बल्लारपूर, चंद्रपूर मागे पडलं. भद्रावती आली तशी बाबांनी आयुध निर्माणीकडे बोट दाखवलं. "इथं तोफांचे गोळे बनते, अन् आपल्याले एवढुश्या पिस्तुलासाठी नागपूरले जा लागते."

ही गोष्ट मला नेहमी लागते. चांदा आयुध निर्माणीत तोफखान्याचा दारूगोळा होतो. कानपूर, ईशापूरच्या निर्माण्यांनी रिव्हॉल्व्हर काढली, पण ती स्वसंरक्षणासाठी: नळी आखूड, साइट जागच्या जागी बसवलेली. पंचवीस मीटरवर पन्नास मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ गाठायला वेगळं शस्त्र लागतं. नळी लांब, मागची साइट स्क्रूने वरखाली, डावीउजवीकडे सरकणारी, ग्रिप हाताच्या मापाची, ट्रिगर स्वच्छ सुटणारा. असं पिस्तूल इटली, जर्मनी, स्वित्झर्लंडमधून येतं. नवंकोरं मागवायचं तर राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत, आणि तेही ठरावीक दर्जा गाठलेल्या नेमबाजालाच जमतं. बाकीच्यांनी हातोहात फिरलेली जुनी पिस्तुलं बघायची. म्हणून पारख यायलाच हवी.

सकाळी ८.००

जामच्या चौकात चहा आणि तर्री-पोहे. इथे कागदांची उजळणी केली, कारण पिस्तूल आवडल्यावर कागद आठवले तर जीव हळहळतो.

तिचं वय २१ च्या वर आहे, म्हणून लायसन्स तिच्या नावाने निघालं. अर्ज चंद्रपूरला जिल्हाधिकारी कार्यालयात, पडताळणी पोलिसांची. चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत ती कसून होते आणि व्हायलाच हवी. शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरी कुलूपबंद ठेवण्याची हमी जोडावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स पाच वर्षांचं झालं, आधी ते तीन वर्षांचं असे. २१ पेक्षा लहान मुलांना लायसन्स मिळत नाही, पण देखरेखीखाली रेंजवर शिकायची सोय कायद्यात आहे. जुनं पिस्तूल विकणाऱ्यानेही आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. आज कितीही आवडलं तरी पिस्तूल आज घरी येणार नाही, हे मी दोघांनाही निघायच्या आधीच सांगितलं होतं. मला हा नियम आवडतो. भरात घेतलेलं शस्त्र हे वाईट शस्त्र असण्याची शक्यता फार असते.

"अन् निवडणूक लागली तं?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आज्याकडे रानडुकरं हाकायला भरमार बंदूक होती, दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा व्हायची, हे त्यांना आठवत होतं. आजही निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश येऊ शकतो. राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या खेळाडूंना त्यातून सूट मागता येते, पण ती मागावी लागते, वेळेत आणि कागदासह.

सकाळी ९.४५

रेंज. ऊन आत्ताच टोचतंय. काडतुसांचा डबा मी डिकीत ठेवत नाही, पायापाशी सावलीत ठेवते. .२२ ची शिशाची गोळी मेणासारख्या वंगणात बुडवलेली असते. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ते वंगण मऊ होतं, त्याला धूळ चिकटते, आणि ती धूळ चेंबरमध्ये जाते. पिस्तूल अडकतं आणि बोल लागतो पिस्तुलाला.

तीन पिस्तुलं बघायची आहेत. तिन्हींचे मालक हजर आहेत, कारण त्यांच्या समोरच ती हाताळायची.

पहिलं स्विस हॅमर्ली २०८. काळंभोर पोलाद, अक्रोडाची ग्रिप. बाबा ते बघून एकदम गप्प झाले. दुसरं इटालियन पार्दिनी एसपी, ग्रिपवर पुटी आणि कानस मारल्याच्या खुणा, म्हणजे कोणीतरी ते मन लावून वापरलंय. तिसरं अमेरिकन रुगर मार्क टू, जाड नळीचं. १९४९ साली रुगर कंपनीने जे पहिलं पिस्तूल काढलं त्याच घराण्यातलं, १९८२ पासूनचं. साधं, भक्कम.

सकाळी १०.००

गोळी झाडायच्या आधी एक तास नुसतं बघायचं. मी टॉर्च आणि भिंग तिच्या हातात दिलं आणि स्वतः मागे उभी राहिले. पिस्तूल तिचं होणार आहे, डोळेही तिचेच तयार व्हायला हवेत.

रिमफायर काडतुसात स्फोटक द्रव्य बुडाच्या मध्यावर नसून कडेला, त्या पातळ गोल ओठात भरलेलं असतं. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, कड चेंगरते आणि ठिणगी पडते. म्हणून चेंबरच्या तोंडाची कड फार मोलाची. रिकामं पिस्तूल कोणी पुन्हा पुन्हा चालवलं असेल तर काही मॉडेलांत पिन थेट त्या पोलादी कडेवर आदळते आणि तिथे बारीक खळगा, शेजारी उंचवटा तयार होतो. नंतर त्या उंचवट्यावर कवच अडकतं, निघता निघत नाही. ती हॅमर्लीच्या चेंबरवर बराच वेळ भिंग धरून बसली. कड स्वच्छ. पार्दिनीचीही. रुगरच्या कडेवर नखाला जेमतेम लागेल इतकी खूण. "ताई, हे बघा," ती म्हणाली, आणि मला बरं वाटलं.

मग एक्स्ट्रॅक्टरची नखी, तिची धार. बोल्टच्या पुढच्या तोंडावर साचलेली काजळी. नळीच्या आत टॉर्च: कुठे फुगवटा दाखवणारी काळी कडी दिसते का? एखादी कमजोर गोळी नळीत अडकली आणि मागून दुसरी सुटली की अशी कडी राहते. तशी नळी घ्यायचीच नाही, किंमत कितीही उतरवली तरी. शेवटी मॅगझिनचे ओठ. पिस्तुलं अडकण्याचं सर्वांत मोठं कारण हे दोन पातळ पत्रे. खाली पडून किंचित वाकले तरी काडतूस वर नाक करून चेंबरच्या कडेला जाऊन धडकतं. लाल नेलपॉलिशने प्रत्येक मॅगझिनवर आकडा टाकला. आकडा नसेल तर दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा हे कधीच कळत नाही.

तिने हॅमर्लीच्या मालकांना विचारलं, "काका, जास्तीची फायरिंग पिन, स्प्रिंग आहे का?" ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, बाळ, आता त्याचे भाग शोधावेच लागतात.

वहीत ते वाक्य लिहून घेतलं.

सकाळी ११.१०

ट्रिगर. पंचवीस मीटर पिस्तुलाच्या नियमात तो किमान एक हजार ग्रॅमचा हवा. रिकामं पिस्तूल कॉक करून नळी आकाशाकडे, ट्रिगरवर एक किलोच्या वजनाचा आकडा अडकवला आणि वजन टेबलावरून अलगद उचललं. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. बाबांनी वजन धरायचं काम मागून घेतलं. हॅमर्लीने वजन उचललं. पार्दिनीने दोनदा उचललं, तिसऱ्यांदा ट्रिगर सुटला. ट्रिगरचा स्क्रू थोडा ढिला होता. मालकाने तो तिथेच बसवला आणि मग मी ते वजन दहादा उचलायला लावलं. रुगरने सहज उचललं, उलट त्याचा ट्रिगर बराच जड होता, आणि सुटण्याआधी किंचित सरकायचा.

हलका ट्रिगर असलेलं पिस्तूल चांगलं, असा एक समज पोरांत असतो. एक किलोचा ट्रिगर दर वेळी एक किलोलाच सुटला पाहिजे, चांगलेपणा तिथे आहे. कधी ९५०, कधी ११०० असेल तर बोटाला कशावरच भरवसा ठेवता येत नाही.

सकाळी ११.३०

कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा. रेंज ऑफिसरने हाक दिली.

आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस. सुटलं, बोल्ट मागे जाऊन नीट परत आला. मग दोन काडतुसं: एका ट्रिगरला एकच सुटतं ना, हे बघायला. झिजलेल्या पिस्तुलातून कधी कधी लागोपाठ दोन जातात, आणि तो सर्वांत धोक्याचा दोष. तिन्ही पिस्तुलं इथे निर्दोष निघाली, तेव्हाच पाच-पाच भरायला परवानगी दिली.

अचूकतेकडे मी आज फारसं बघतच नाही. चांगल्या स्थितीतलं असं कुठलंही पिस्तूल टेकूवरून पंचवीस मीटरवर पाच गोळ्या दहाच्या वर्तुळात घालतं. नेमबाजाचा हात त्यापेक्षा कितीतरी जास्त हलतो. लोक पिस्तूल घेताना ग्रुपचा, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ पडल्या त्याचा, कागद विचारतात. मी विचारते, अडकलं किती वेळा, कुठल्या मॅगझिनला, कुठल्या काडतुसाला.

प्रत्येक पिस्तुलासाठी दोन डबे ठेवले होते, एका डब्यात ५० काडतुसं. एक डबा स्टँडर्ड वेगाच्या सरावाच्या काडतुसांचा, दुसरा जर्मन पिस्तूल मॅचचा. दोन्हींचा वेग ध्वनीच्या खालचा. भरधाव, हाय व्हेलॉसिटीची काडतुसं या पिस्तुलांना घालायची नसतात. यांचा बोल्ट आणि स्प्रिंग नरम झटक्यासाठी जुळवलेले. जास्त झटक्याने बोल्ट मागे जोरात आदळतो, बफर फुटतो. फारच कमजोर काडतुसाने उलटं होतं: बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं कवच तोंडात धरून उभा राहतो.

ती झाडत होती, मी वहीत रेघा ओढत होते. हॅमर्ली दोन्ही डब्यांना एकदाही अडकलं नाही. रुगरही जवळजवळ तसंच. शेवटाकडे एक कवच जरा रेंगाळत निघालं, इतकंच. पार्दिनी चांगलं चाललं होतं आणि मग अडकलं. थोड्या वेळाने पुन्हा.

अडकलं की काय करायचं हे आम्ही हॉलमध्ये स्नॅप कॅप भरून घोकलंय. नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, मोकळा हात वर, तोंडाने "रेंज ऑफिसर!" आपल्या मनाने काही उघडायचं नाही. स्पर्धेत उघडलं की तक्रार मांडायचा हक्क जातो, आणि रेंजवर उघडलं की कधी बोटही जातं. काडतूस नुसतंच टक करून गप्प बसलं तर नळी तशीच समोर धरून तीस सेकंद मोजायचे, कारण क्वचित ते उशिरा पेटतं. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर थांबायचं आणि नळीत गोळी राहिली आहे का हे आधी बघायचं. तिने दोन्ही वेळा हे सगळं न सांगता केलं. तिचा हात थरथरला नाही. मला पार्दिनीपेक्षा त्याचं जास्त समाधान झालं.

दोन्ही जॅम दोन नंबरच्या मॅगझिनचे. एक नंबर घातल्यावर गाडी सुरळीत. दोन नंबरचा डावा ओठ भिंगाखाली बघितला तर पुढच्या टोकाला किंचित उघडलेला.

आणि मग बाबा बोलले. ते मागच्या बाकावरून एकटक बघत होते, पण टार्गेटकडे नाही, जमिनीकडे. "मॅडम, त्या रुगरचे खाली पडते ते टोपण पयले दूर पडत होते. आता जवळच पडून राह्यले. डंपरचा जोर कमी झाला की असंच समजते."

मी जाऊन बघितलं. अगदी खरं. पहिल्या डब्याची कवचं उजवीकडे लांब, घोळक्याने पडलेली. दुसऱ्या डब्याच्या शेवटची पायाशी. चेंबरच्या कडेवरची ती नखाला लागणारी खूण आणि साचलेली काजळी मिळून कवच बाहेर यायला वेळ लावत होती. अजून थोडं चाललं असतं तर अडकलं असतं. हे वर्षानुवर्षं रेंजवर असलेल्या लोकांच्याही चटकन लक्षात येत नाही. मी त्यांना तसं सांगितलं आणि वहीतल्या रेघेपुढे त्यांचं निरीक्षण लिहिलं.

दुपारी १.००

कवचं मोजून डब्यात भरली. मग साबणाने, गार पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले. गोळी शिशाची, पेटवणाऱ्या द्रव्यातही शिसं. हात न धुता डबा उघडलेला मला चालत नाही, आणि लहान मुलं बरोबर असली तर तोंडही धुवायला लावते. मग भाकरी, वांग्याचं भरीत, घरचं लोणचं.

जेवताना टोकियो ऑलिम्पिकचा विषय निघाला. २५ जुलै २०२१, दहा मीटर पात्रता फेरी, मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला, उरलेल्या वेळात उरलेल्या गोळ्या घाईने माराव्या लागल्या आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तेव्हा ही पोरगी शाळेत होती, टीव्हीपुढे बसून रडली होती. तीन वर्षांनी पॅरिसला त्याच प्रकारात मनूला कांस्य मिळालं. जगातलं उत्तम पिस्तूल, उत्तम देखभाल, तरी असं होतं. म्हणून निवडताना "हे कधीच बिघडणार नाही" अशा पिस्तुलाच्या शोधात राहायचं नाही. बिघडल्यावर किती लवकर आणि कोणाच्या हातून सुरू होईल, हे विचारायचं.

तिची खरी देवता मात्र राही सरनोबत. कोल्हापूरची राही याच पंचवीस मीटर प्रकारातली. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण, पिस्तुलात भारताचं पहिलं. आणि २०१८ च्या आशियाई खेळांत थायलंडच्या खेळाडूशी ३४ गुणांवर बरोबरी, शूट-ऑफ, तीही बरोबरीत, पुन्हा शूट-ऑफ, आणि सुवर्ण. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या शूट-ऑफमध्ये पिस्तुलाकडे लक्ष गेलं असतं तर? ते गेलं नाही, जायची गरज पडली नाही. हाताशी असं पिस्तूल हवं की त्याचा विचारच करावा लागू नये.

"मेडलचं नंतर बघू," ती म्हणाली. "मला पंचवीसवर मारायला आवडतं, ताई. एकदा मावळंकर खेळायची आहे फक्त." ग. वा. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष तेच. त्यांच्या नावाची ही स्पर्धा छोट्या गावातल्या नेमबाजाला राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडते.

दुपारी २.००

ऊन भट्टीसारखं नव्हे, भट्टीच. पण ही फेरी महत्त्वाची. आता पिस्तूल बाजूला ठेवून तिच्या हाताकडे बघायचं.

तिचा तळवा लहान. रुगरची ग्रिप अमेरिकी हाताच्या मापाची, ट्रिगरपर्यंत बोट ताणलं जातं आणि त्या ताणाने गोळ्या डावीकडे जातात. ग्रिप बदलून देणारे आहेत, पण चेंबरची कड दुरुस्त करणं हे सुताराचं नव्हे, कसबी कारागिराचं काम. हॅमर्ली तिच्या हातात सुंदर बसलं, पण त्याचं मॅगझिन मुठीत, त्यामुळे ग्रिपमध्ये कानस मारायला जागा कमी. पार्दिनीचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे आहे. त्यामुळे मुठीचं लाकूड हवं तसं कोरता येतं, नळी हाताच्या जवळ, खाली बसते आणि झटका मागे सरळ येतो, नाक वर उडत नाही. रॅपिडच्या पाच गोळ्या तिने मारल्या तेव्हा दुसऱ्या गोळीपासूनच साइट आपोआप जागेवर येऊ लागली. तिचा चेहरा मी बघितला. काही विचारावं लागलं नाही.

दुपारी ३.००

हॅमर्ली मला आजही सर्वांत देखणं वाटतं, आणि आज ते एकदाही अडकलं नाही. नागपुरात राहणारा, हाताशी चांगला गनस्मिथ असलेला कोणी असता तर मी तेच घे म्हटलं असतं. पण राजुऱ्यात पिन तुटली तर? भाग शोधण्यात महिने जातील, आणि त्या महिन्यांत ही पोरगी दहा मीटरवर परत जाईल आणि तिथेच राहील. हे मी होताना पाहिलंय. पार्दिनी मात्र पुण्याच्या बालेवाडीपासून मुंबईत वरळीच्या रेंजपर्यंत बऱ्याच जणांच्या हातात आहे. मॅगझिन, स्प्रिंग, बफर मिळतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फोनवरून "असं झालंय, काय करू" विचारायला माणसं मिळतात.

मालकाला अटी सांगितल्या. दोन नंबरचं मॅगझिन बाद, त्याऐवजी दोन नवी. रिकॉइल स्प्रिंग आणि बफर नवीन टाकून द्यायचं. जास्तीची फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर सोबत हवेत. आणि ४५ दिवसांनंतर, पैसे देण्याआधी, हीच चाचणी नव्या मॅगझिनांवर पुन्हा. एकही जॅम आला तर व्यवहार नाही. त्यांनी दोन अटी लगेच मान्य केल्या, तिसरीवर थोडी घासाघीस झाली, चौथीला हसून मान डोलावली. जिल्हा दंडाधिकाऱ्यांना द्यायच्या सूचनेचा मसुदा त्यांच्यासमोरच लिहिला, शस्त्राचा क्रमांक पिस्तुलावरून दोघींनी आळीपाळीने वाचून पडताळला. एक अंक चुकला की पुढे लायसन्सच्या नोंदीत वर्षभर हेलपाटे.

हॅमर्लीच्या काकांना मी राजुऱ्याला यायचं आमंत्रण दिलं. त्यांनी ते पिस्तूल मुलांना दाखवावं, अशी फार इच्छा आहे.

सायंकाळी ७.१५

वरोऱ्यापर्यंत दोघंही झोपले होते. राजुऱ्यात शिरतानाच वर्गाच्या मुलांचे फोन सुरू झाले. हॉलमध्ये सातवी-आठवीची पोरं एअर पिस्तूल हातात न घेता, नुसता हात वर करून श्वास सोडण्याचा सराव करत होती. ती थेट त्यांच्यात गेली. आज पंचवीस मीटरवर शेकडो गोळ्या झाडून आलेली पोरगी दहा मीटरच्या रेघेवर एका मुलाचं मनगट सरळ करत होती.

एकाने विचारलं, "ताई, आवाज खूप मोठा होता का?"

"मफ लाव, काही नाही होत. नखाला लागेल एवढा खळगा असला तरी पिस्तूल अडकते, ते मोठं आहे." आणि तिने त्यांना भिंग, टॉर्च आणि नेलपॉलिशचा आकडा टाकलेलं माझं मॅगझिन दाखवायला सुरुवात केली.

रात्री ९.३०

जीएसपी स्वच्छ केलं. आज ते फारसं चाललं नाही, तरी सवय मोडत नाही. चेंबरमध्ये ब्रश, बोल्टच्या तोंडावर कापड, तेलाचा एकच थेंब. उन्हाळ्यात जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. नळी मी दर वेळी घासत नाही. .२२ च्या मऊ शिशाने नळी लवकर खराब होत नाही, उगाच घासण्याने मात्र तिच्या तोंडाची धार जाते.

मग वही. तारीख, तापमानाचा अंदाज, काडतुसाचा प्रकार आणि डब्यावरचा लॉट नंबर, मॅगझिनचा क्रमांक, जॅम कुठल्या गोळीला. शेवटच्या रकान्यात बाबांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत: टोपण पयले दूर पडत होते, आता जवळच पडून राह्यले.

फोन वाजला. बाबाच होते. "मॅडम, ते स्प्रिंग नवी बसवली का नाही हे आपल्याले कसं समजन? त्यानं जुनीच धुवून दिली तं?"

जुनीची लांबी मी दुपारीच मोजून लिहून ठेवली होती. नवी हाती आली की तिच्याशेजारी ठेवू. आकडा त्यांना सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला आणि मुलीला लिहून ठेवायला सांगितलं.